गाठी मोजा

नव्या सेटच्या पाठीवर रंगांचा तक्ता चिकटवलेला:
पिवळी सदा जिवंत,
लाल किल्लीनंतर, काळी बॉडीला,
पांढरी करडी हिरवी जांभळी चार स्पीकरांना,
आणि त्या चौघींची काळ्या रेघेची एकेक जोडीदारीण.
पाढ्यासारखा पाठ केला होता मी.

जुना सेट ओढला
तर मागोमाग आलं ते सगळं तपकिरी.
अकरा वायरी, एकाच बंडलातल्या.
कंपनीचे रंग कुठेतरी आत, डॅशच्या पोटात,
टेपखाली निजलेले.
दांडिया बाजारातल्या पोराला फोटो पाठवला.
'बेन, आ तो बधा सरखा ज छे,' तो म्हणाला,
आणि अठराशे सांगितले.

मांजलपूर, सोसायटीचं पार्किंग, सव्वाचार.
शेजारचा हेत टॉर्च धरून, टॉर्च बहुतेक माझ्या डोळ्यांवर.
मीटरचं काळं टोक एका उघड्या स्क्रूला,
लाल टोक एकेकीच्या जिभेवर.
किल्ली खिशात असतानाच एक बोलली: बारा पॉइंट चार.
किल्ली एक खटका फिरवली, दुसरी बोलली.
तिसरी थेट बॉडीची निघाली.
उरल्या आठ. मुक्या.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून आणला,
दोन टोकं त्याला टेकवली न टेकवली तोच
मागच्या दारात नखानं टकटक केल्यासारखं काहीतरी.
'इथे!' हेत ओरडला. 'नाही, नाही, तिथे!'
तेव्हा बोटाला लागली गाठ.
दुसऱ्या जोडीला दोन. एकीला चार,
बारीक, ओळीनं, जपमाळेसारख्या नाही,
हिशेबासारख्या.
आणि प्रत्येक जोडीत एका टोकावर
दाताची खूण.

गाडीच्या पावतीवर नंबर होता: मधुसूदन फणसे, कारेलीबाग.
'हां, त्या माझ्याच. गाठी मोजा.
पुढची डावी एक, उजवी दोन,
मागची डावी तीन, उजवी चार. चावलेली ती वजा.'
मी म्हटलं, तेव्हा रंगीत वायर मिळत नव्हती का?
पलीकडे पंखा फिरत राहिला.
'मिळायची की. मला काय उपयोग?
लाल आणि हिरवं मला एकच, वाळल्या गवतासारखं.
इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं.
प्रतापनगरला डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
त्यात आकडा होता म्हणे.
मग पार्सल ऑफिस. एकतीस वर्षं.
तिथं काय, गाठीच गाठी.'
जरा थांबून: 'बिनगाठीच्या तीन सापडल्या ना?
तिथं मीपण मीटरच लावला होता.
शॉक खाऊन शिकायचं वय नव्हतं.'

बॅटरीचं टोक सोडवलं. सोलल्या, पिळल्या,
तक्त्यातली प्रत्येक रंगीत वायर
तिच्या गाठीच्या संख्येला जोडली.
गाठी सोडल्या नाहीत.
कापून टाकणं सोपं होतं, वायर सरळ बसली असती,
आता डबा आत जाताना अडतो,
थोडा वाकडा बसलाय.

आवाज आला, पण पोकळ,
कुणी घागरीत तोंड घालून गावं तसा.
शोधत गेले: मागची उजवी.
चार गाठी बरोबर,
दात मात्र चुकीच्या टोकावर.
एकतीस वर्षांच्या हिशेबात एक.
उलटी केली. खर्ज भरला.
हे त्यांना सांगितलं नाही.

साडेसहाला त्यांचाच फोन.
'लागला?'
'लागला.'
'उजेड कसला आहे त्याचा?'
'निळा.'
'निळा बरा,' ते म्हणाले, 'निळा दिसतो मला.'
मी काही बोलणार तर ते पुढे:
'आणि मागचं डावं दार आपटू नका जोरात.
काच उतरते.'